मुलुंडच्या डोंगरातलं गाव

डोंगर एकच आहे. त्याच्या एका अंगाला मी राहते, दुसऱ्या अंगाला आई. मी बोरिवलीला, ती माझ्या धाकट्या भावाकडे मुलुंडला. मध्ये जंगल, दोन तलाव आणि माझ्या लहानपणाचे निम्मे मे महिने. एखादं पाखरू इकडून उडालं तर अर्ध्या तासात आईच्या खिडकीत जाऊन बसेल. मला मात्र पूर्ण डोंगराला वळसा घालून जावं लागतं, आणि घोडबंदर रस्त्यावर गाड्या तुंबल्या असतील तर घरून निघताना केलेली वेणी तिथे पोचेपर्यंत सुटते.

उन्हाळ्यात मी रोज सकाळी या डोंगरातल्या पार्कात फिरायला जाते. गेटातून आत शिरल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं जंगल कसलं, माणसंच माणसं. कुणी टाळ्या वाजवत उलटं चालतंय, कुणी मोठ्याने हसायचा व्यायाम करतंय. पुढे रस्ता वळतो, गर्दी पातळ होते आणि नदीचं पात्र दिसतं. तुळशी तलावाकडून येणारी ही नदी मे महिन्यात म्हणजे नुसते गोटे आणि मधूनमधून शेवाळाची डबकी. तिथे काठावर कुडा फुललेला असतो. पांढरी, साधीच फुलं, पण वास असा की पाय थांबतात. दरवर्षी मी त्या झाडाखाली थांबते आणि दरवर्षी माझा घोळ होतो. हा वास गावच्या व्हाळाकाठचा, म्हणजे ओढ्याकाठचा, की मुलुंडच्या डोंगरातला, हे मला चौपन्नाव्या वर्षीही सांगता येत नाही.

आजवर या घोळाने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. यंदा बिघडायची वेळ आली. कुड्याखाली उभी असतानाच दिग्याचा फोन आला. दिग्या म्हणजे माझा भाऊ, पन्नाशीकडे झुकलाय तरी घरात दिग्याच. आईच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली आहे, पावसाळ्याच्या आत ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. येत्या गुरुवारी करायचं, असं सगळं ठरलंही होतं.

"ताई, आई नाही म्हणतेय," दिग्या म्हणाला. "तिचा कुठला तरी नवस राहिलाय. तो फेडल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही म्हणते."

मग फेडून टाक ना, मी म्हटलं. नारळ आण, फोड. तर तसं नव्हतं. नवस जिथे बोलला तिथेच फेडायचा, आणि कुठे बोलला ते आईला आठवत नव्हतं. त्या वेळी सोबत फक्त मी होते. दिग्याही होता म्हणे, पण कडेवर, अंगठा तोंडात घालून. म्हणजे साक्षीदार मी एकटी, आणि माझ्या डोक्यात त्या दिवसाच्या दोन जागा. मी फोन ठेवला आणि चालणं अर्धवट सोडून घरी आले.

तर हा घोळ कसा झाला ते सांगायला हवं. आम्ही एक वर्षाआड गावाला जायचो. एका मे महिन्यात गाव, पुढच्या मे महिन्यात मुलुंड. गाव सिंधुदुर्गात, सड्याच्या पायथ्याशी. सडा म्हणजे तांबड्या कातळाचं पठार. बाजूने व्हाळ, आणि व्हाळात एके ठिकाणी खोल पाणी साठलेलं, त्याला कोंड म्हणत. कोंडीच्या वरच्या बाजूला एक धबधबा होता. कोंडीच्या काठावर शेंदूर लावलेला एक दगड, तो राखणदार. त्याला सांगितल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. आमची चाळ मुलुंड कॉलनीच्या टोकाला होती आणि चाळीमागे लगेच डोंगर सुरू व्हायचा. ज्या वर्षी गाव नसे त्या वर्षी बाबा आम्हाला रविवारी पहाटे उठवायचे आणि म्हणायचे, चला, गावाला जाऊया.

बाबा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. आठवड्यातले सहा दिवस ते फार बोलत नसत. रविवारी डोंगर चढायला लागले की त्यांच्या तोंडाला कुलूप नसायचं. चाळीमागच्या ओढ्याला ते आपला व्हाळ म्हणायचे. वर खडकांत पाणी साठलेलं एक डबकं होतं, ती कोंड, आणि तिच्या काठावरचा शेंदराचा दगड हा राखणदार. त्याच्यावरचा काळा कडा हा धबधबा. कड्याच्या माथ्यावरचं सपाट रान हा सडा. एका वाकड्या आंब्याच्या झाडाला ते चक्क गावातल्या एका चुलत्याच्या नावाने हाक मारायचे, कारण म्हणे तोही असाच एका बाजूला कलून बसायचा. आम्ही खो खो हसायचो. पुढच्या वर्षी गावाला गेल्यावर त्या चुलत्याला पाहिलं की मला मुलुंडचा आंबा आठवायचा. बिचाऱ्याने मला कधी हाक मारली की मी आधी त्याच्या डोक्यावर कैऱ्या दिसतात का ते बघायची.

असं करत करत दोन्ही जागा एकमेकींत मिसळल्या. दोन्हीकडे व्हाळ, दोन्हीकडे कोंड. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे दोन्हीकडचे धबधबे कोरडे. आम्ही जायचो ते मे महिन्यातच. पावसाळ्यात शाळा असायची, आणि मुलुंडच्या डोंगरात पावसात जायला आई सोडत नसे. त्यामुळे लहानपणी मी पाणी पडणारा धबधबा पाहिलाच नाही. माझ्या लेखी धबधबा म्हणजे उन्हात तापलेला उंच काळा खडक, त्यावर पांढरट ओघळाच्या खुणा, फटीतून लोंबणारं वाळकं नेचं आणि तळाशी मधमाश्या. बाबा आम्हाला त्या खडकाला कान लावायला सांगायचे. पाणी आत झोपलंय, घोरण्याचा आवाज येतो, असं म्हणायचे. मी कान लावायची. खडक गरम असायचा, कान भाजायचा, आणि मला खरोखर काहीतरी ऐकू यायचं. दिग्या म्हणायचा, मला काहीच येत नाही ऐकू. मग मी त्याला बहिरट म्हणायची.

त्या रविवारच्या सकाळी अजून नाकात आहेत. ॲल्युमिनियमच्या डब्यातल्या तांदळाच्या भाकऱ्या, सुकटाची चटणी, फडक्यात बांधलेलं मीठ-तिखट. डबा उघडला की पहिला वाफेचा वास, मग सुकटाचा. वाटेत जाळलेल्या गवताचा करपट वास. सागाची मोठी वाळकी पानं पायाखाली अशी कडकड वाजायची की चोरून कुठे जायची सोय नाही. तांबट पक्षी सकाळपासून टुकटुक लावायचा आणि बाबा म्हणायचे, याची ड्युटी आपल्यापेक्षा लांब आहे. करवंदीच्या जाळीशी आलो की खेळ सुरू. करवंद दाताने अर्धं तोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. ज्याचे कोंबडे जास्त तो राजा. फ्रॉकवर चिकाचे डाग पडायचे, ते कधीच निघत नसत, आणि आई सोमवारी ते डाग घासता घासता बाबांचा उद्धार करायची.

उन्हं चढायच्या आत आम्ही सड्यावर पोचायचो, म्हणजे बाबांच्या सड्यावर. तिथून पलीकडे विहार तलाव दिसायचा. खाली सगळं वाळकं, पिवळं, पाचोळ्याचं, आणि मध्येच ते निळं पाणी. बाबा त्याला गावची खाडी म्हणायचे. पाणी बघून ते थोडा वेळ गप्प व्हायचे. आई कधीतरीच सोबत यायची. आली की ती पाण्याकडे बघायची नाही, बाबांकडे बघायची. हे मला तेव्हा दिसलं की आत्ता मी आठवणीत घुसडते आहे, याचाही आता भरवसा वाटत नाही.

त्यातलं काय काय गेलं. चाळ गेली. त्या जागी बावीस मजले उभे आहेत आणि त्यांच्या फाटकावर डोंगराच्या दृश्याची जाहिरात आहे. कारखाने गेले, त्यांचे भोंगे गेले. पूर्वी मुलुंडमध्ये घड्याळ लागत नसे, भोंग्यावर भात चढायचा. बाबांची गोल खाकी पाण्याची बाटली गेली, तिच्या पट्ट्याला घामाचा वास असायचा. वाकडा आंबा कधी पडला ते कुणाला कळलंही नाही. गावचा चुलताही गेला. आणि नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा कुठला व्हाळ कुठला हे सांगू शकणारा एकच माणूस गेला.

फोन आला त्याच दुपारी मी मुलुंडला पोचले. आई खिडकीशी बसली होती. चार शब्द बोलली की थांबायची, श्वास गोळा करायची, मग पुढचे चार. तिच्या घोट्यांवर सूज होती. मला बघून तिने पाणी दे, चहा ठेव असं काही म्हटलं नाही. सरळ विषयाला हात घातला. पन्नास वर्षं मुंबईत काढली तरी तिची मालवणी सुटलेली नाही, आणि रागावली की तर अजिबात सुटत नाही.

"तुझो हात धरून गेल्लंय," ती म्हणाली. "तुका आठवाक व्हया."

नवस कशाचा होता ते मला माहीत होतं. मी नऊ वर्षांची होते त्या उन्हाळ्यात बाबा घरी नव्हते. का नव्हते, कुठे होते, ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि पुढे मी विचारलं नाही. घरात त्यांची चप्पल नव्हती, एवढं मला दिसायचं. शेजारच्या बायका आईशी हळू आवाजात बोलायच्या आणि मी आले की कैरीच्या भावावर यायच्या. मग एके दिवशी आई आम्हाला घेऊन कोंडीवर गेली, राखणदारापुढे उभी राहिली आणि म्हणाली, ह्यांना घरी आण, पाच नारळ आणि गुळाचा निवेद देईन. पाऊस लागायच्या सुमाराला बाबा परत आले. दारात उभे राहिले, दिग्याला उचललं, आणि आईने भाताला आधण ठेवलं. मग आनंदात म्हणा, घाईत म्हणा, नवस राहून गेला. आईला वाटत राहिलं, पुढच्या उन्हाळ्यात फेडू. बाबांना बहुधा त्याचा पत्ताच नसेल.

पण कुठली कोंड? त्या उन्हाळ्यात आम्ही गावालाही गेलो होतो, थोडे दिवस, बाबांशिवाय. आणि मुलुंडच्या डोंगरातही गेलो होतो. आई म्हणाली, तिला एवढंच आठवतं की तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि मी रडत होते. मला ना चप्पल आठवते, ना रडणं. मला आठवतात माझे तळवे, तांबड्या मातीने लाल झालेले. मी दगडासमोर बसून पाय उलटे करून बघत होते. ती माती गावची. मुलुंडला काळा कातळ आणि धुळकट माती, तिथे तळवे तसे होतच नाहीत. म्हणजे गाव. पण त्याच आठवणीत, आई हात जोडून पुटपुटत असताना, खालून कारखान्याचा लांबलचक भोंगा येतो. गावात भोंगा कुठला? म्हणजे मुलुंड. मी डोळे मिटून कितीदा तरी तिथे जाऊन बसले. दर वेळी माती लाल, आणि दर वेळी भोंगा.

आईला मी म्हटलं, आठवायला जरा वेळ दे. ती म्हणाली, वेळ डॉक्टराकडे माग.

स्वयंपाकघरात दिग्याने मला गाठलं. गावाला आईला न्यायची सोयच नव्हती, एवढा लांबचा प्रवास डॉक्टरांनी साफ मना केला होता. दिग्या स्वतः गावाला जाऊन नारळ फोडून यायला तयार होता, पण आईला ते चालत नव्हतं. ज्याने बोलला त्याच्याच हाताने फिटतो, म्हणे.

"ताई, तू बिनधास्त सांग ना यार, इथेच बोलली म्हणून," तो म्हणाला. "कोण तपासायला येणार आहे?"

मी म्हटलं, देवाधर्माच्या गोष्टीत आईला फसवायचं?

"देव बघत असेल तर त्याला तिची हालतपण दिसतेय," तो म्हणाला आणि आईच्या गोळ्यांची डबी घेऊन बाहेर गेला.

मी ओट्याशी उभी राहिले. मला दिग्याचा राग आला, मग स्वतःचा आला. आयुष्यभर मी मैत्रिणींना लहानपणीच्या गमती सांगून टाळ्या घेतल्या, डोंगर, करवंदं, झोपलेलं पाणी, सगळं डोळ्यांपुढे उभं करून. आणि ज्या एका दिवसाची खरी गरज पडली तो माझ्याजवळ धड नव्हता. खरंच मुलुंड असलं तर? आणि खरंच गाव असलं तर? चुकीच्या दगडापुढे नवस फेडून आई ऑपरेशनला गेली आणि काही झालं, तर मी उरलेलं आयुष्य कुठल्या तोंडाने काढायचं? मी फार देवभोळी नाही. पण आईच्या बाबतीत माणूस कशाकशाला भितो, ते त्या ओट्याशी मला कळलं.

मी बाहेर गेले आणि आईसमोर बसले. तिला म्हटलं, मुलुंडलाच, आई. तू हात जोडलेस तेव्हा कारखान्याचा भोंगा झाला होता, मला पक्कं आठवतंय. भोंग्याचं सांगितलं, मातीचं सांगितलं नाही.

आईने मला नीट निरखून बघितलं. मग "बरा" म्हणाली आणि कपाटातून हिरवं लुगडं काढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही निघालो. कॉलनीच्या शेवटापर्यंत रिक्षा, पुढे पायी. पूर्वी जिथून डोंगर सुरू व्हायचा तिथे आता भिंत आहे, बिबट्यापासून सावध राहा अशी पाटी आहे, आणि सकाळी फिरणाऱ्यांसाठी एक फाटक. चौकीवरच्या माणसाने आईकडे बघून कपाळावर आठ्या आणल्या. दिग्या त्याच्याशी काहीतरी बोलला, तेव्हा त्याने आम्हाला लवकर परता एवढंच सांगून सोडलं. दिग्याच्या एका हातात प्लॅस्टिकचं स्टूल होतं, दुसऱ्या खांद्याला नारळांची पिशवी. आई वीस पावलं चालायची आणि स्टुलावर बसायची. पुन्हा वीस पावलं. लहानपणी जी वाट आम्ही करवंदं खात, भांडत पाव तासात चढायचो, तिला त्या दिवशी दीड तास लागला.

वाट तीच होती की दुसरी, मला सांगता येईना. ओढा होता, पण मला वाटत होतं त्यापेक्षा अरुंद. सागाची पानं तशीच वाजत होती. कुठेतरी कुडा फुललेला होता, दिसत नव्हता, नुसता वास येत होता. एका वळणावर मी ठामपणे उजवीकडे म्हटलं आणि दहा पावलांवर वाट संपली. परत फिरलो. दिग्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं नाही. आई स्टुलावर बसून पदराने वारा घेत होती. तिच्या ओठांचा रंग मला आवडत नव्हता. मी म्हटलं, आई, परत जाऊया का. तिने नुसता हात हलवला, पुढे चल म्हणून.

डाव्या वाटेने गेलो आणि कडा समोर आला. काळा, कोरडा, पांढऱ्या ओघळांचा. धबधबा. मला इतका आनंद झाला की मी काही न सुचून खडकाला कान लावायला गेले. खडक सकाळचा गार होता, आणि आत काहीच वाजत नव्हतं. खाली डबकं होतं, त्यात गुडघाभर पाणी असेल नसेल. आणि काठावर शेंदूर लावलेला दगड.

एक नव्हे, तीन.

तिन्ही एका ओळीत, हात-हात अंतरावर, तिन्हींना शेंदूर, तिन्हींपुढे वाळलेली फुलं. मी बघतच राहिले. जवळच्या पाड्यावरची एक बाई सुक्या काटक्या गोळा करत होती. साठीची असेल. दिग्याने तिला विचारलं, मावशी, हे देव कुणाचे?

"मधला आमचा वाघोबा," ती म्हणाली. "बाकी दोन कुणी आणून ठेवले ते आमच्या सासऱ्यालापण ठाऊक नव्हतं. आहेत तर आहेत. आम्ही तिघांनाबी फूल घालतो."

तिने काटक्यांची मोळी खाली ठेवली आणि आईला विचारलं, पाणी देऊ का. मग कमरेवर हात ठेवून तिथेच थांबली.

आई माझ्याकडे वळली. तिघांतला कुठला ते मला सांगायचं होतं. बाबांनी यातला एखादा दगड इथे आणून ठेवला असेल का? ते म्हणायचे खरे, की गावच्या राखणदाराला आपण इकडे बोलावून घेतलाय. पण ते तर झाडाला काका म्हणणारे. डावा दगड उंच होता, उजवा बसका. माझ्या आठवणीतला दगड माझ्या कमरेएवढा, पण मी तेव्हा नऊ वर्षांची. मी मनातल्या मनात तळवे उलटे केले, माती बघितली, भोंगा ऐकला. काहीच उपयोग झाला नाही.

"डावा," मी म्हटलं. आवाज छान ठाम आला. मलाच नवल वाटलं.

आमच्याकडे देवापुढे नुसते हात जोडून भागत नाही, गाऱ्हाणं घालावं लागतं. एकाने मोठ्याने देवाला सगळी हकिगत सांगायची, काय झालं, काय हवं, काय चुकलं. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबतो, आणि बाकीच्यांनी एका सुरात होय म्हाराजा म्हणायचं. सगळ्यांचा होकार पडल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. हे काम पुरुषांचं. आमच्या घरात ते नेहमी बाबांनी केलं, आणि दिग्याला त्यातलं एक वाक्य धड येत नाही. तो पुढे सरसावला तशी आईने त्याच्या हातातला नारळ काढून घेतला. स्टुलावरून उठली, पदर खोचला आणि डाव्या दगडापुढे उभी राहिली.

"बा म्हाराजा," ती म्हणाली. घरात चार शब्दांवर थांबणारी आई तिथेही चार शब्दांवरच थांबत होती, पण आता ते थांबणं गाऱ्हाण्याला शोभत होतं. "हयसर जो कोण असशील, तेका माझा सांगणा."

"होय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो. पाड्यावरची बाईही आमच्यामागून काहीतरी पुटपुटली.

"ह्या पोरांचो बापूस घराक येवंदे, म्हणान मी नवस बोललंय. तो इलो. नवस तसोच ऱ्हवलो."

"होय म्हाराजा."

"नवस खय बोललंय, ता माका आठवणा नाय."

"होय म्हाराजा," दिग्या म्हणाला. माझा आवाज मागे राहिला.

आईने श्वास घेतला. नारळ दोन्ही हातांत घट्ट धरला होता. "ह्या माझ्या चेडवाकपण आठवणा नाय," ती म्हणाली. "माझो जीव वाचूचो, म्हणान ता हयच म्हणता. तेचा खोटा माझ्या पदरात घाल. तेका दोष लावू नको."

आणि ती थांबली.

दिग्या गप्प झाला. तो जमिनीकडे बघत होता. पाड्यावरच्या बाईला शब्द कळले नसतील, पण तीही गप्प होती. आईने मागे वळून पाहिलं नाही. तिची पाठ मला दिसत होती, हिरव्या लुगड्यातली, बारीक झालेली, धापेने वरखाली होणारी. मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. माझं बिंग फुटलं याची लाज नव्हती वाटत. तिने कालपासून सगळं ओळखलं होतं आणि तरी ती ही वाट चढून आली होती, वीस वीस पावलं करत. आता होय म्हटलं तर माझं खोटं मी कबूल करणार, आणि ते तिच्या पदरात पडणार, आणि तो पदर घेऊन ती ऑपरेशनला जाणार. नाही म्हणायची गाऱ्हाण्यात सोय नसते. फक्त गप्प राहता येतं, आणि गप्प राहिलं तर आई तिथे तशीच उभी राहिली असती.

"होय म्हाराजा," मी म्हणाले, आणि आईने गुरुवारचं ऑपरेशन देवाच्या कानावर घातलं.